‘दात साफ करणाऱ्या बाई’ नेमकं काय करतात?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



सुरुवातीलाच एक दुरुस्ती करते. आत्ता ओळख करून देताना माझ्या नावामागे ‘डॉक्टर’ लागलं. संयोजकांचा त्यात काही दोष नाही, आमच्या बाबतीत हे नेहमीच होतं. पण मी डॉक्टर नाही. मी डेंटल हायजिनिस्ट आहे. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांची पदविका, राज्य दंत परिषदेकडे नोंदणी, आणि त्यानंतर गेली पंधरा वर्षं हेच काम. या पंधरा वर्षांत पेशंटनी मला तीन नावं दिली. ‘डॉक्टर मॅडम’, ‘सिस्टर’ आणि ‘त्या दात साफ करणाऱ्या बाई’. पहिली दोन चुकीची आहेत. तिसरं अपुरं आहे, पण निदान खरं आहे, म्हणून आजच्या विषयाला तेच नाव दिलं.

इथे किती जणांनी ‘डेंटल हायजिनिस्ट’ हा शब्द आधी ऐकला होता? हात वर करा. ...चार, पाच. आणि त्यातल्या दोघी माझ्या मैत्रिणी आहेत. (हशा) बरं, दातांच्या दवाखान्यात कधीच गेलेलं नाही असं कोण आहे? कोणी नाही. म्हणजे दवाखाना सगळ्यांना माहीत आहे, तिथलं हे काम मात्र माहीत नाही. आणि हे काम आपल्याकडे कायद्याला १९४८ पासून माहीत आहे. त्या वर्षीच्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये आमची व्याख्या दिलेली होती. २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत झाला, आता व्यवस्था बदलते आहे. पण आमची पहिली कायदेशीर ओळख १९४८ची. त्या व्याख्येचा मतलब असा, की जी व्यक्ती दंतवैद्य नाही, डॉक्टर नाही, पण दातांवरचं किटण काढते, दात स्वच्छ करते, पॉलिश करते, किंवा दातांच्या स्वच्छतेचं शिक्षण देते, ती डेंटल हायजिनिस्ट. या व्याख्येतला शेवटचा तुकडा लक्षात ठेवा. शिक्षण देते. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आधी किटणाविषयी बोलू, कारण ते समजलं की आमचं काम अर्धं समजलं.

तुमच्यापैकी कुणाकडे बोअरचं पाणी असेल तर बादलीला, नळाच्या तोटीला पांढरा, टणक थर बसतो तो तुम्ही पाहिलाय. साध्या फडक्याने तो निघत नाही. तोंडातही साधारण हेच होतं. आपल्या दातांवर दिवसभर जिवाणूंचा एक मऊ, चिकट थर साचत असतो. जिभेने चाचपलं तर सकाळी उठल्यावर दात बुळबुळीत लागतात, तोच तो. त्याला आम्ही प्लाक म्हणतो. तो मऊ आहे तोवर ब्रशने निघतो. तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात उतरतात आणि एकदोन दिवसांतच तो घट्ट व्हायला सुरुवात होते. तेच किटण. आता घरी आरशात बघा: खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला, जिभेकडे, किटण सगळ्यात जास्त असतं. आणि वरच्या दाढांना गालाच्या बाजूने. का? कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. नळ जिथे, क्षार तिथे.

एकदा ते घट्ट झालं की ब्रश, पेस्ट, मीठ, लिंबू, कशानेही घरी निघत नाही. लिंबू आणि सोडा चोळून लोक दाताचंच वरचं आवरण झिजवून घेतात, किटण मात्र शाबूत राहतं. राखुंडीने घासण्याचंही तेच. आणि किटण स्वतः फार वाईट नाही बरं का. ते खडबडीत असतं, त्याच्यावर नवा प्लाक चटकन बसतो, आणि तो हिरडीच्या कडेला चोवीस तास चिकटून राहतो, दुखणं त्याचं आहे. हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं.

रक्त आलं की आपण काय करतो? तिथे ब्रश फिरवायचं थांबवतो. ‘तिकडे लागतं’ म्हणून. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज, नेमकं तिथेच घासणं बंद.

हे सगळं ऐकीव नाही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये आरहुस इथे हाराल्ड ल्यो नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांची १२ माणसं घेतली, त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच, आणि त्यांना सांगितलं, दात घासणं बंद करा. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग सांगितलं, आता पुन्हा घासा. साधारण आठवड्याभरात सगळ्यांच्या हिरड्या पूर्ववत. ना औषध, ना इंजेक्शन. आमचा सगळा पेशा या एका प्रयोगावर उभा आहे असं मला वाटतं. सूज येते ती थर राहिल्यामुळे, आणि या टप्प्यावर ती पूर्ण बरी होते.

पण हा टप्पा निघून गेला तर? ल्यो यांच्याच गटाने श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० मजुरांचा १९७० पासून पंधरा वर्षं अभ्यास केला. या मंडळींना ब्रश माहीत नव्हता, दातांचा उपचार मिळत नव्हता. गंमत म्हणजे त्यांचे दात किडलेले जवळजवळ नव्हतेच. पण हिरड्या सगळ्यांच्या सुजलेल्या. त्यातल्या ८ टक्के लोकांचं हाड फार वेगाने झिजत गेलं, पंचेचाळिशीपर्यंत तोंड रिकामं व्हायची वेळ आली. ८१ टक्क्यांचं मध्यम वेगाने झिजलं. आणि ११ टक्के असे, की सगळं तसंच असूनही सूज हिरडीच्या पुढे गेली नाही. त्यामुळे तुमचे आजोबा सांगत असतील ना, ‘मी आयुष्यात ब्रश धरला नाही आणि नव्वदीत ऊस खातो’, तर ते खोटं बोलत नाहीत. ते त्या अकरा टक्क्यांतले आहेत. प्रश्न एवढाच, की तुम्ही कितव्या गटात आहात हे तुम्हाला आधी कळत नाही. हिरडीच्या या दुखण्यात दुखत नाही, हीच अडचण आहे. दाढ किडली तर रात्रभर जागवते. हाड झिजताना काही सांगत नाही.

आता हे काम करणारी वेगळी व्यक्ती कुठून आली? अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाचं गाव आहे. तिथे आल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. त्यांना वाटायला लागलं की आपण दिवसभर किडलेले दात कोरतो आहोत, पण कीड होऊ नये म्हणून ज्या गोष्टी करायच्या त्याला आपल्याकडे वेळ नाही. १९०६ मध्ये त्यांनी आपली साहाय्यक आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करायला शिकवलं. आयरीन त्यांची नात्यातली बहीण. १९१३ मध्ये त्यांनी शाळाच काढली, तीही कुठे, तर घोडागाडी ठेवायच्या जागेत. पहिल्या तुकडीत २७ जणी उत्तीर्ण झाल्या. त्यात शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या, दंतवैद्यांच्या बायकाही होत्या. आणि त्यांतल्या बऱ्याच जणी दवाखान्यात नाही, ब्रिजपोर्टच्या शाळांमध्ये कामाला लागल्या. मुलांचे दात स्वच्छ करायचे आणि वर्गात ब्रश धरायला शिकवायचं. १९१७ मध्ये आयरीन न्यूमन यांना परवाना मिळाला, पहिल्या परवानाधारक डेंटल हायजिनिस्ट त्याच.

फोन्स यांना ‘डेंटल नर्स’ हे नाव नको होतं. नर्स म्हटलं की आजारी माणूस आठवतो. त्यांना निरोगी माणसाला निरोगी ठेवणारी व्यक्ती हवी होती. म्हणून ‘हायजिनिस्ट’. आज अमेरिकेत अशा दोन लाखांहून जास्त हायजिनिस्ट आहेत. ब्रिटनमध्ये २०१३ पासून पेशंट आधी दंतवैद्याला न भेटता थेट हायजिनिस्टकडे जाऊ शकतो. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे आम्ही दंतवैद्याच्या देखरेखीखाली काम करतो, आणि माझ्या मते सध्या ते बरोबरही आहे. पण हे मत आमच्या सगळ्या सहकाऱ्यांचं नाही, हेही सांगून टाकते.

तुम्ही म्हणाल, दंतवैद्य आहेत ना, ते करतातच की स्केलिंग. करतात, आणि उत्तम करतात. आपल्या शहरांत तर गल्लीगल्लीत दवाखाने आहेत. मग वेगळी बाई कशाला? याचं उत्तर मला स्वीडनच्या एका अभ्यासात सापडलं, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

कार्लस्टाड नावाचं गाव. १९७२ साल. पेर ॲक्सेल्सन आणि यान लिंडे या दोघांनी तिथले साडेपाचशेच्या वर प्रौढ लोक निवडले. सुरुवातीला सगळ्यांचे दात नीट करून दिले, म्हणजे सगळे एका रेषेवर आले. मग दोन गट पाडले. १८० जणांचा एक गट वर्षातून एकदा दंतवैद्याकडे जायचा. जे बिघडलं असेल ते दुरुस्त व्हायचं. आपण करतो तसंच, खरं तर आपल्यापेक्षा बरंच, कारण आपण दुखल्याशिवाय जातच नाही. दुसऱ्या गटात ३७५ जण. त्यांना पहिली दोन वर्षं दर दोन महिन्यांनी आणि मग दर तीन महिन्यांनी हायजिनिस्ट बोलवायची. ती दात स्वच्छ करायची, आणि दर वेळी, अगदी दर वेळी, कुठे थर राहतोय ते दाखवून ब्रश कसा फिरवायचा ते पुन्हा शिकवायची.

सहा वर्षांनी पाहिलं. दंतवैद्याकडे जाणाऱ्या गटात नवी कीड होत होती, जुन्या फिलिंगखाली पुन्हा कीड होत होती, हाड झिजत होतं. दुसऱ्या गटात जवळजवळ काहीच नाही. फरक इतका होता, की पहिल्या गटाला तसंच ठेवणं योग्य नाही म्हणून त्यांच्यापुरता तो अभ्यास थांबवावा लागला. हायजिनिस्टकडे जाणारा गट मात्र पुढे चालू राहिला. २००४ मध्ये त्यांचा तीस वर्षांचा अहवाल आला. तीस वर्षांत माणसामागे सरासरी किती दात गेले? वयाप्रमाणे ०.४ ते १.८. तीस वर्षांत दोन दातसुद्धा नाहीत!

आता पहिल्या गटातले दंतवैद्य कमी हुशार होते का? अजिबात नाही. गेलेली भिंत ते दर वर्षी उत्तम बांधून देत होते. पण ओल कुठून येते ते बघणारं कोणी नव्हतं. तेवढा फरक आहे. ओल बघायला वेळ लागतो, तोच तोच पेशंट पुन्हा पुन्हा बघावा लागतो, तेच तेच पुन्हा सांगावं लागतं. दाढेचं रूट कॅनल करणाऱ्या, बाहेर सहा पेशंट ताटकळत बसलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

तर मग मी नेमकं काय करते? तुम्ही खुर्चीत बसलात असं समजा. माझ्या हातात अजून एकही हत्यार नाही. आधी मी प्रश्न विचारते, आणि पेशंटना याचा कंटाळा येतो. ‘अहो मॅडम, दात साफ करायचेत, माझ्या हृदयाचं काय विचारताय?’

मी का विचारते ते सांगते, कारण ही माझी चूक आहे. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एक काका आले, साठीचे, हसतमुख. दवाखान्यात गर्दी होती, मी दोनच प्रश्न विचारले आणि स्केलिंग सुरू केलं. नेहमीपेक्षा रक्त जास्त येतंय असं वाटलं, पण हिरड्या सुजलेल्या होत्या, म्हटलं असेल त्याने. संध्याकाळी त्यांच्या सूनबाईंचा फोन. काकांचं रक्त थांबत नाही, उशी लाल झाली आहे. काकांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला होता, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना दात आणि हृदय यांचा संबंध वाटला नाही. मी विचारलं नाही, कारण मला घाई होती. डॉक्टरांनी रात्री पुन्हा बोलावून ते निस्तरलं. काका दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, ‘पोरी, एवढं काय मनाला लावून घेतेस.’ त्यांनी ओरडून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून यादी ठरलेली आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. आता लगेच हेही सांगते, की दात साफ करायचे म्हणून या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. ते जास्त धोक्याचं आहे. फक्त आम्हाला सांगा, बाकी डॉक्टर ठरवतील. हृदयाची कृत्रिम झडप असेल किंवा झडपेला पूर्वी जंतुसंसर्ग होऊन गेला असेल तर स्केलिंगच्या आधी प्रतिजैविक द्यावं लागतं. तेही डॉक्टर ठरवतात, पण प्रश्न मी विचारलेला असावा लागतो. पेसमेकर. मधुमेह, आणि साखर सध्या किती आहे. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात आणणं अवघड जातं, दोन्हीकडून आग. गरोदरपण. ॲलर्जी. तंबाखू, आणि त्यात मशेरी आलीच. मशेरी वेगळी विचारावी लागते. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की आज्जी ठामपणे ‘नाही’ म्हणतात. ‘मशेरी लावता का?’ म्हटलं की, ‘ती काय, सकाळची दात घासायला.’ त्यांच्या मते मशेरी ही तंबाखू नव्हेच.

मग मी तोंड बघते. दात नाही, तोंड. ओठ, गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू, घसा. मानेवर गाठ लागते का. तोंड पुरेसं उघडतं का, उभी तीन बोटं आत जातात का. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्या पोरांचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही. पंचविशीतला मुलगा, दोन बोटांवर अडकलेला. त्याला वाटतं, आपला जबडा आखडलाय.

एकदा एक भाजी विकणाऱ्या ताई आल्या होत्या. मुलाचं लग्न पंधरा दिवसांवर, फोटोत दात काळे दिसू नयेत एवढीच अपेक्षा. मशेरी वीस वर्षांची. खालच्या ओठाच्या आत, हिरडीच्या खोबणीत, जिथे त्या मशेरी दाबून ठेवायच्या तिथे एक पांढरा चट्टा होता, पुसून न जाणारा, आणि त्याची एक कड जरा कडक. मी त्यांना म्हटलं, ‘ताई, जरा थांबा, मी डॉक्टरांना बोलावते.’ डॉक्टरांनी पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. सुरुवातीचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली. लग्न ठरल्या दिवशी झालं, ताई नंतर ॲडमिट झाल्या. बाजारात दिसल्या की आजही कोथिंबिरीची जुडी हातात कोंबतात.

मी निदान केलं नाही. तो माझा अधिकार नाही. मी पाहिलं आणि योग्य माणसाला बोलावलं. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी कुठलीही जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला की तो दाखवायचा, हे आमच्या जबाबदारीतलं माझ्या दृष्टीने सगळ्यात वजनदार कलम. कारण पेशंट दुखत नसताना येतो तो आमच्याकडेच.

त्यानंतर हिरडीचं मोजमाप. एक बारीक बोथट सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत अलगद सरकवायची. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. अठ्ठावीस दात धरले तर १६८ आकडे. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चार, पाच, सहा असं वाढत गेलं तर तिथे खिसा तयार झालाय, तिथे तुमचा ब्रश पोचत नाही. हे आकडे लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी तुलना करता येते ती यानेच, ‘बरं वाटतंय’ या उत्तराने नाही.

आणि मग ती घरघर. अल्ट्रासॉनिक स्केलर. त्याचं टोक सेकंदाला पंचवीस हजार वेळा किंवा त्याहूनही जास्त थरथरतं, वर पाण्याचा फवारा. ते तासत नाही, कंपनाने किटण सुटतं. जिथे मशीन पोचत नाही तिथे हाताची हत्यारं, क्युरेट. शेवटी पॉलिश, गरज असेल तर फ्लोराइडचा लेप. लहान मुलांच्या नव्या दाढांच्या खाचा बुजवणं हेही अनेक ठिकाणी याच कामात धरतात. फिलिंग, दात काढणं, रूट कॅनल, औषधं लिहून देणं, हे माझं काम नाही. कोणी हायजिनिस्ट ते करत असेल तर तिला थांबवा.

आता तो प्रसिद्ध आरोप. ‘स्केलिंग केलं आणि दात हलायला लागले. फटी पडल्या.’ हे पेशंट खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. होतं असं: हिरडी सुजलेली असते, त्यामुळे दातांमधली जागा भरलेली दिसते. उरलेल्या फटी किटणाने बुजलेल्या. हाड आधीच खाली गेलेलं असतं, आणि किटण दातांना एकमेकांशी सिमेंटसारखं जखडून धरतं. किटण काढलं, आठवड्याने सूज उतरली, की झाकलेलं उघडं पडतं. फट स्केलिंगने पडत नाही, ती दिसू लागते. पण हे पेशंटला केव्हा सांगायचं? मला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, आधी सांगितलं तर ती माहिती, नंतर सांगितलं तर ती सबब. आरशात दाखवून, ‘इथे फट दिसणार आहे, थंड पाणी काही दिवस झणझणणार आहे, चालेल ना?’ असं विचारून मगच सुरुवात करायची. पेशंट नाही म्हणाला तर नाही.

आणि आता तो शेवटचा तुकडा, शिक्षण. आमच्या कामाचा हा भाग सगळ्यात कमी दिसतो, आणि त्याचे पैसे तर कोणी देतच नाही. मी सुरुवातीला एका दवाखान्यात होते. नाव घेत नाही. तिथे माझ्या छातीवरच्या पट्टीवर ‘असिस्टंट’ लिहिलेलं होतं. एका स्केलिंगला पंधरा मिनिटं. मी पेशंटला ब्रश धरायला शिकवत बसले की मालक दारातून घड्याळ दाखवायचे. मी त्यांना दोष देत नाही पूर्ण. भाडं, हप्ते, शेजारी तीनशे रुपयांत स्केलिंग करणारा दुसरा दवाखाना. पण पंधरा मिनिटांत तुम्ही किटण काढू शकता, ते पुन्हा बसू नये म्हणून काही करू शकत नाही. आमच्या शिकलेल्या कित्येक मुली अशाच फोन उचलण्यात आणि अपॉइंटमेंट लिहिण्यात हरवून जातात. काहींनी कामच सोडलं.

शिकवायचं म्हणजे ‘दोन वेळा ब्रश करा’ असं सांगायचं नाही. ते सगळ्यांना पाठ आहे. मी पेशंटच्या हातात ब्रश देते आणि म्हणते, करून दाखवा. उजव्या हाताने घासणारा माणूस बहुतेक वेळा उजवीकडच्या बाजूलाच कमी पडतो, कारण तिथे मनगट वळवावं लागतं. मग रंगाची गोळी देते, ती चघळली की राहिलेला थर रंगतो. आपले रंगलेले दात आरशात पाहिल्यावर मला काही बोलावंच लागत नाही. मऊ ब्रश, केस हिरडीकडे तिरके, साधारण ४५ अंशांत, छोट्या छोट्या हालचाली, दोनदोन दात करत पुढे. जोर लावायचा नाही. रात्री झोपताना तर चुकवायचंच नाही. दातांमध्ये फटी असतील तर त्यांच्यासाठी छोटा बाटलीच्या ब्रशसारखा ब्रश मिळतो, तो. एवढंच. पण हे प्रत्येकाच्या तोंडाप्रमाणे वेगळं दाखवावं लागतं, संधिवाताने बोटं न वळणाऱ्या आजींना वेगळं. त्यांच्या ब्रशच्या दांडीला मी जुना रुमाल गुंडाळून जाड करून देते.

बोलायचं एवढंच होतं. आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: वर्षातून किती वेळा स्केलिंग करावं?

सहा महिने हा आकडा सगळीकडे ऐकू येतो, पण तो सगळ्यांना लागू नाही. हिरड्या निरोगी, धूम्रपान नाही, साखर नाही, तर वर्षातून एकदा तपासून घेतलंत तरी पुष्कळांना पुरतं. खिसे झालेले असतील तर तीन महिने. तुमच्या आकड्यांवरून ठरतं. आणि दर वेळी तपासणी झालीच पाहिजे. स्केलिंग झालंच पाहिजे असं नाही. किटण नसेल तर मी काढायचं काय?

प्रश्न: गरोदरपणात दात साफ करू नयेत असं आमच्याकडे सांगतात.

उलट. त्या काळात शरीरातल्या बदलांमुळे हिरड्या जास्त सुजतात, रक्त येतं. दवाखान्यात सांगा की दिवस गेलेत, कितवा महिना ते सांगा. स्केलिंग करता येतं, मधले तीन महिने बसायला सोयीचे पडतात.

प्रश्न: माझी मुलगी बारावीला आहे. तिने हा कोर्स करावा का?

तिला विचारा, एकाच माणसाला एकच गोष्ट दहाव्यांदा सांगताना ती चिडते का? चिडत असेल तर नको. (हशा) गंभीरपणे सांगायचं तर संस्था मान्यताप्राप्त आहे का ते बघा, नंतर नोंदणी होणार आहे ना याची खात्री करा. आणि नोकरी घेताना पहिल्याच दिवशी विचारायला सांगा, ‘माझं काम काय आणि एका पेशंटला वेळ किती?’ मी हे विचारलं नव्हतं. हिपॅटायटिस बी ची लस कामाला लागण्याआधी.

प्रश्न (मागच्या रांगेतून एक आजी): मला दोन्हीकडे कवळी आहे. मग माझ्याकडे तुमचं काही काम उरलं नाही ना?

आज्जी, उरलं की! कवळीवरही थर बसतो, किटण बसतं. तुमच्या हिरड्या आहेत, जीभ आहे, गाल आहेत. कवळीची कड लागून जखम होते का ते वर्षातून एकदा तरी बघायला हवं. रात्री काढून ठेवता का?

आजी: नाही. झोपेतसुद्धा असते. दात नसलेलं तोंड घरातल्यांना दाखवायला नको वाटतं.

मग दिवा मालवल्यावर काढा. पण काढा. हिरड्यांना रात्रीची विश्रांती हवी. मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने धुवायची, धुताना खाली बादलीत पाणी ठेवा म्हणजे निसटली तरी फुटणार नाही. आणि रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, कोरडी नको. गरम पाण्यात तर अजिबात नको, वाकडी होते. सकाळी घालण्याआधी हिरड्यांवरून ओलं फडकं फिरवायचं. कार्यक्रम संपल्यावर जरा इकडे या, मी बघते.